ग्योल नदीवर, व्याह्यांच्या मागे

आधीच सांगून टाकतो, मी लिम्बुर्गला मासे पकडायला गेलो नव्हतो. व्याही पकडायला गेलो होतो. मासे वाटेत आले.

आमची सायली युट्रेख्टला नोकरी करते आणि येत्या डिसेंबरात तिचं यूपशी लग्न आहे. यूप डच. लग्न नागावला, अलिबागजवळ, माझ्या दादाच्या वाडीत. यूपच्या आईनं, लीसनं, आमंत्रण मिळाल्याच्या आठवड्यातच लग्नासाठी सोनेरी सँडल घेतल्या आणि त्यांचा फोटोही पाठवला. यूपचे वडील हुब यांनी ईमेल पाठवली. तीन वाक्यांची. "आमंत्रणाबद्दल आभार. मी येणार नाही. मुलांना शुभेच्छा."

मी ती माधवीला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवली. ती पोळ्या लाटत होती.

"बोलवायला कोण गेलं होतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. आपण मेल केली होती."

"मग मेलनंच उत्तर येणार. वरबाप आहेत ते. घरी जाऊन अक्षत द्यायची सोडून मेल कसली करता?"

संध्याकाळी सायलीचा फोन आला. "बाबा, यूप काही बोलत नाहीये, पण त्याला खूप लागलंय. तुम्ही बघा ना जरा. अँड प्लीज, नाटक नको."

नाटक नको हे वाक्य आमच्या घरात मला उद्देशून इतक्या वेळा म्हटलं जातं की मी ते 'शुभ प्रवास' या अर्थी घेतो. हुबना लिहिलं की भेटायला येतो. उलट टपाली उत्तर आलं: शुक्रवार ते रविवार ते नदीवर ट्राउट पकडणार आहेत, मीही यावं, पाहुण्याचा परवाना काढून ठेवतील, बुटाचं माप कळवावं. माधवी पाळणाघरात नोकरी करते, तिला रजा मिळेना. मी एकटाच निघालो. पिशवीत नारळ, पत्रिका, अक्षता, आणि सवयीनं रव्याची पुडी आणि मालवणी मसाला. मासे पकडायला चाललेला मराठी माणूस आणखी काय नेणार?

शुक्रवार, एपन

अ‍ॅमस्टेलव्हीनला आम्ही, अ‍ॅमस्टरडॅमच्या शेजारी, समुद्रसपाटीच्या खाली राहतो. तिथे पुलाचा चढ लागला तरी सायकलवाले दात-ओठ खातात. त्यामुळे देशाच्या या दक्षिण टोकाला, लिम्बुर्गला, आल्यावर रस्ता खरोखर वर जाऊ लागला तेव्हा मी गाडीतच टाळी वाजवली. इथले लोक या भागाला कौतुकानं डोंगराळ म्हणतात. आमचा अलिबागचा सागरगड हे ऐकून हसून हसून खाली बसेल. पण हिरव्या टेकड्या, काळ्या लाकडी पट्ट्यांची पांढरी घरं, कुंपणापलीकडे डोळे मिटून रवंथ करणाऱ्या गाई, आणि मधून वळणं घेत जाणारी ग्योल नदी. ही बेल्जियमकडून येते. ओढ्यापेक्षा थोडी मोठी, नदी म्हणवून घेण्याइतकी वळणदार. काही ठिकाणी तिनं मातीचे काठ पुरुषभर उंच कापून काढलेत. खाली उभं राहिलं की नुसती आभाळाची पट्टी दिसते.

बोलणंही वेगळं. अ‍ॅमस्टरडॅमकडचे लोक 'ग' उच्चारताना घशातून खडे काढतात. इथे तोच 'ग' लोण्यावरून घसरत येतो.

एपन गावातल्या त्यांच्या घरी लीसनं दारातच मिठी मारली आणि टेबलावर व्लाय मांडली. ही इथली खासियत. रुंद, चपटी, मैद्याच्या परातीत भाजलेली मिठाई, आणि आत चक्क तांदळाची खीर. मी दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्याला "नको" म्हटलं. लीसनं तत्काळ ताटली उचलून नेली. मी त्या ताटलीकडे पाहतच राहिलो. आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे वाढणाऱ्यानं अजून नीट आग्रह केलेला नाही, एवढाच अर्थ असतो.

हुब मागच्या दारानं आले. उंच, वाळलेले, पांढऱ्या भुवया छपरासारख्या पुढे आलेल्या. आयुष्यभर त्यांनी इथल्या पाण्याच्या मंडळात नोकरी केली. नद्या, ओढे, बंधारे, काठ बघायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी नळ कुठे गळत असेल तर बोलता बोलता त्यांची मान तिकडे वळते. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हुबराव करून टाकलं होतं. व्याह्याला नुसतं हुब म्हणायला जीभ धजेना.

मी त्यांना पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. पत्रिका, वर नारळ, हातावर अक्षता. कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा ते जरासे मागे सरले, पण लीसनं पाठीवर हात ठेवून त्यांना पुन्हा पुढे ढकललं. मग मी मराठीत म्हणालो, "सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचं करावं." आणि इंग्रजीत अर्थ सांगितला.

हुबनी अक्षता मुठीत नीट धरून ठेवल्या. "हे सुंदर आहे," ते म्हणाले. "आता मी एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचे दोन दिवस आपल्याला शांतपणे मासे पकडता येतील. मी येणार नाही."

मी दिलखुलास हसलो. मनात म्हटलं, हं, झाला एक नकार. आता दोन राहिले.

शनिवार, नदीवर

सकाळी मला छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवण्यात आली. बूट तिलाच जोडलेले. ती घालून मी आरशात पाहिलं आणि मला आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्यातला हत्ती आठवला. लीसनं फोटो काढला. तो सायलीला, सायलीकडून माधवीला आणि माधवीकडून नागावला दादाला जायला चार मिनिटं लागली.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे गळ म्हणजे आकडा, त्याला गांडूळ किंवा कोळंबी, आणि काठावर बसून विडी. इथे खाद्य खरं नसतंच. पिसं आणि दोरा गुंडाळून नखाएवढी माशी बनवायची, ती बिनकाट्याच्या आकड्यावर, आणि ती पाण्यावर अशी उतरवायची की ट्राउटला वाटावं, आताच एक कीटक दमून टेकला. माशीला वजन नसतं, म्हणून फेकायची ती जाड दोरी. ती डोक्यावरून मागे जाते, हवेत सरळ होते, मग पुढे. हुब हे करत तेव्हा दोरी हवेत एखाद्या गवयाच्या हातासारखी फिरे. मी केलं तेव्हा माशी पहिल्यांदा झाडात, दुसऱ्यांदा माझ्या टोपीत, तिसऱ्यांदा पुन्हा त्याच झाडात.

"थांबा," हुब म्हणाले. "दोरी मागे पूर्ण जाऊ द्या. तुम्ही फार लवकर पुढे ओढता."

"हुब, लग्नात मुलाचे वडील आणि मुलीचे वडील मांडवात सगळ्यांसमोर एकमेकांना भेटतात, मिठी मारतात. त्याला व्याहीभेट म्हणतात. मी कुणाला मिठी मारू?"

"लीसला मारा. तिला आवडेल. मनगट सरळ."

हा झाला दुसरा नकार. तोपर्यंत हुबनी तीन ट्राउट काढले. सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर लाल ठिपके, जणू हळदी-कुंकवाला जाऊन आलेले. प्रत्येक मासा त्यांनी पाण्यातच धरून आकडा काढला आणि सोडून दिला. तिसऱ्याला सोडताना माझ्या तोंडून कळवळून "अहो!" निघालं.

"खायचे नाहीत?"

"नाही. या पाण्यात सगळे परत सोडायचे, असा नियम आहे."

"मग पकडायचे कशाला?"

हुबनी यावर बराच वेळ विचार केला. डच माणूस प्रश्नाचं उत्तर देतो, वेळ मारून नेत नाही. "मी कामाला लागलो तेव्हा या नदीची अवस्था वाईट होती," ते म्हणाले. "मासे आहेत, हे मला अजून बघावंसं वाटतं." मग वाकून त्यांनी प्रवाहात अडकलेली एक फांदी ओढून काढली, आणि पाणी पुन्हा सरळ वाहायला लागेपर्यंत तिथेच पाहत उभे राहिले.

दुपारी काठावर जेवण. ब्रेड, चीज, आणि बाटलीतून ताक. अगदी आपलं ताक, फक्त मीठ-जिऱ्याला पोरकं. ताकावर माणूस मऊ होतो असा माझा अनुभव, म्हणून मी तिसरा हल्ला चढवला. तुम्हाला पहिल्या रांगेत मोठी खुर्ची असेल, म्हटलं. रेशमी फेटा बांधू. पहिलं पान तुमचं. तुमच्या दिमतीला दोन पुतणे ठेवलेत, पाण्याचा पेलासुद्धा तुम्हाला स्वतः उचलावा लागणार नाही. मी उठून, रबरी विजारीतच, फेटा कसा बांधतात ते हातवाऱ्यांनी दाखवलं. हुबनी चीजचा आणखी एक तुकडा कापला. मला ते आशादायक वाटलं. संध्याकाळच्या सुमारास, पाण्यात गुडघाभर उभा असताना, मी शेवटचा डाव टाकला. "यूपला फार वाटतंय हो, हुब. बोलत नाही तो. या ना."

हुबनी दोरी गुंडाळली. पूर्ण गुंडाळली, मगच बोलले.

"कालपासून तुम्ही मला चार वेळा विचारलंत, श्रीकांत. माझं इंग्रजी इतकं वाईट आहे का? की मी काय म्हणतो याला तुमच्या लेखी किंमत नाही?"

आणि ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला निघून गेले. पन्नास पावलं. तिथून त्यांची फक्त पाठ दिसत होती.

घरी पाहुण्यांच्या खोलीत आल्यावर मी सायलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चार वेळा?" ती म्हणाली.

"आग्रह गं. आपल्याकडे..."

"बाबा, इकडे एकदा विचारतात. तुम्ही त्यांना घेराव घातलात. आधी ते नुसते येणार नव्हते, आता बहुतेक तुमच्याशी बोलणारही नाहीत. यूपला मी काय सांगू?"

मी पिशवीतली रव्याची पुडी या हातातून त्या हातात करत राहिलो. इतका वेळ, की सायलीनं विचारलं, "बाबा, लाइन कट झाली का?"

रविवार, पुन्हा नदीवर

ठरवलं, आज लग्नाचा 'ल' काढायचा नाही. हुबही फक्त कामापुरतं बोलत होते. "इथे पाय जपून." "तिथे खड्डा आहे." दोन तास मी तोंड बंद ठेवून दोरी फेकली, आणि एक गंमत कळली: बोलायचं थांबवलं की हात आपोआप हळू होतो. दोरी मागे पूर्ण जायला लागली. अकराच्या सुमारास पाण्यावर खरे कीटक उतरू लागले आणि उंच कापलेल्या काठाखाली, एका मुळाजवळ, गोल तरंग उठला. मी त्याच्यापासून दोन हात वरच्या अंगाला माशी टाकली. ती तरंगत खाली आली, आणि पाण्यातून एक तोंड वर येऊन तिला घेऊन गेलं.

गळाच्या काठीला जीव आला. मी ओरडलो. काय ओरडलो ते छापण्याजोगं नाही, पण ते शुद्ध अलिबागी होतं. हुब धावत आले, सूचना देत राहिले, आणि पाच-सात मिनिटांनी त्यांच्या जाळीत हातभर नाही तरी वीतभराच्या बराच वर असा ट्राउट होता. त्यांच्या भुवया वर गेल्या. "सुंदर मासा," ते म्हणाले. "हात ओले करा. पाण्यातच धरा. आकडा काढा."

मी हात ओले केले. आकडाही काढला. आणि मग जे झालं ते मी केलं नाही, माझ्या अंगठ्यानं केलं. मी सहा वर्षांचा असल्यापासून आई मला अलिबागच्या बाजारात न्यायची. टोपलीतला मासा उचलायचा आणि पहिलं काम, कल्ला उघडून आत बघायचं. लाल असला तर घ्यायचा, फिका असला तर कोळणीच्या शपथांवर विश्वास न ठेवता पुढे जायचं. चाळीस-पन्नास वर्षांत माझ्या हातात आलेला एकही मासा या परीक्षेतून सुटलेला नाही. अंगठा कल्ल्याखाली गेला, झाकण उचललं, आतला रंग पाहिला.

"ताजा आहे!" मी आनंदानं जाहीर केलं.

तो जिवंत होता. याहून ताजा मासा जगात नसतो.

हुबच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं. खाली पाहिलं, तर माझ्या अंगठ्यापासून रक्ताची बारीक रेघ पाण्यात चालली होती. मासा एका कुशीवर कलंडला.

"मी... आमच्याकडे ताजेपणा असाच बघतात," मी म्हणालो.

हुब रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरून माशाच्या पोटाखाली नेले, त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं. "असं धरा. पाणी कल्ल्यांतून जाऊ द्या. सोडू नका आणि ढकलू नका. त्याला जायचं असेल तेव्हा तो जाईल."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

तर मी उभा राहिलो. यातून काहीतरी बोध काढावा असा मोह झाला, पण पाय बर्फ झाले होते आणि बोधाला ऊबदार पाय लागतात. हातात तो गार, गुळगुळीत जीव. कल्ला उघडे, मिटे, मग बराच वेळ काहीच नाही. मला खरंच भीती वाटली. आयुष्यात हजारो मासे खाल्लेल्या माणसाला एका माशानं इतकं घाबरवावं!

हुब शेजारी उभे होते, पाण्याकडे बघत. थोड्या वेळानं त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"यूपनं मला एका भारतीय लग्नाचा व्हिडिओ दाखवला. मुलाचे वडील खुर्चीत बसलेले. कुणीतरी त्यांचे पाय धूत होतं. हे खरं असतं?"

एरवी मी या उत्तराचा प्रवेशच रंगवला असता. पण हातात मासा होता. "काही घरांत पाय धुतात," मी म्हणालो. "आम्ही नाही धूत. पण बसावं लागतं, हे खरं."

"किती दिवस?"

"चार."

"चार दिवस बसायचं." हुबनी मान हलवली. "मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसात मला फुलं लावलेल्या खुर्चीत बसवलं. सगळे येऊन बोलत होते. माझे हात कुठे ठेवू ते मला कळेना. मी स्वयंपाकघराच्या दारानं घरी आलो. लीस अजून त्यावरून बोलते. काल तुम्ही फेट्याचं सांगितलंत, आणि त्या दोन मुलांचं, मला पेलाही उचलू न देणाऱ्या..."

म्हणजे काल दिवसभर मी आमिष म्हणून जे जे पाण्यात टाकत होतो, त्या प्रत्येक वस्तूला मासा घाबरत होता. आणि मी म्हणत होतो, अजून मोठी खुर्ची टाकू.

"मला हे कळलं नाही," मी म्हणालो. "चूक झाली. तुम्ही नाही म्हणालात, ते मी पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं. यूपला मी समजावीन."

हुबनी माझ्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. तेवढ्यात माझ्या तळव्यांत काहीतरी हललं. शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे. मासा सरळ झाला, क्षणभर माझ्या बोटांवर टेकून राहिला, आणि मग हळूच, घाई न करता, मुळांखालच्या काळोखात गेला.

"जगेल?"

"कदाचित. रक्त थांबलं होतं. उद्या येऊन बघेन."

आम्ही काठावर चढून बसलो. हुबनी थर्मासमधली कॉफी ओतली. मी पेला उचलला आणि पाय चोळत बसलो. मी ओल्या गवताची शपथ घेऊन सांगतो, विषय त्यांनी काढला.

"जागा कशी आहे ती? तुमच्या भावाची?"

मी फोनवर दादानं पाठवलेले फोटो दाखवले. नारळ, त्याखाली सुपारी, मध्ये मांडवासाठी दोऱ्या लावून आखलेली जागा. हुबनी फोन हातात घेतला. चष्मा डोक्यावर ढकलला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.

"हे काय आहे? हा चर?"

"पाट. विहिरीचं पाणी त्यातून झाडांना जातं."

"आणि तुमचा मांडव त्याच्यावर उभा राहणार."

"हो. ते चार दिवस पाणी बंद ठेवणार."

"डिसेंबरात पाऊस असतो?"

"नाही."

"पलीकडे झाडं किती?"

"अडीचशेक सुपाऱ्या असतील. दादा म्हणतो, चार दिवसांनी काही मरत नाहीत."

"दादा म्हणतो," हुब म्हणाले. त्या दोन शब्दांत त्यांनी आमच्या संपूर्ण घराण्याबद्दलचं मत सांगितलं. मग काडी घेऊन ते चिखलात रेघा ओढू लागले. इथे विहीर, इथे मांडव, उतार कुठल्या बाजूला? मला माहीत नव्हतं. त्या वाडीत मी लहानाचा मोठा झालो, आणि उतार कुठे ते मला सांगता येईना. हुबनी दुसरा फोटो मागितला, मग तिसरा.

'या ना बघायला' हे तीन शब्द माझ्या दातांच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्यावर गरम कॉफी ओतली.

निरोप घेताना लीसनं उरलेली व्लाय बांधून दिली. या वेळी मी पहिल्याच खेपेला "हो" म्हणालो. हुबनी हात हलवला. परतीच्या वाटेवर सायलीला काय सांगायचं हे ठरवत होतो, आणि एकही वाक्य धड जमत नव्हतं. रव्याची पुडी न उघडताच घरी आली. माधवीनं ती पाहिली आणि ओट्यावर ठेवून दिली.

बुधवारी मेल आली. मला आणि यूपला. तीन वाक्यांची नव्हती. अकरा प्रश्न होते, क्रमांक घालून. पाटाची रुंदी. खोली. विहिरीपासून मांडवापर्यंतचं अंतर. दर दिवशी किती वेळ पाणी सोडतात. माती कसली. पाट मांडवाच्या पूर्वेकडून वळवता येईल असं त्यांना वाटत होतं, पण उतार स्वतः मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. वळवायला, भराव घालायला आणि पाणी सोडून बघायला एक आठवडा लागेल, म्हणून ते लीसच्या आधी एक आठवडा येतील. तिकीट काढलं आहे. मासा मुळांखाली दिसला, ठीक आहे. अकरावा प्रश्न: जवळपास चिकणमाती मिळेल का?

माधवीनं दोनदा वाचली. मग पदर नसल्यामुळे तिनं डोळ्यांना ओढणी लावली.

मी दादाला फोन लावला आणि अकराही प्रश्न वाचून दाखवले.

"कोण रे हा माणूस?" दादा म्हणाला. "माझ्या पाटाची खोली याला कशाला पाहिजे?"

"आपले व्याही आहेत."

पलीकडे विहिरीचा पंप चालू असल्याचा आवाज येत होता.

"चिकणमाती आहे म्हणावं, हवी तेवढी," दादा म्हणाला. "आणि फावडं एकच आहे. दुसरं आणून ठेवतो."